रिळावर लिहा ना, आत काय आहे ते

प्रति,
संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत ब्लाऊजवरच्या भरतकामाचं पान आलं होतं, फोटो झकास होते, त्यातली गळ्याची डिझाईन तर माझ्याकडच्या बायकांनी कात्रण कापून आणून दाखवली की ताई अशीच पाहिजे. पण सामानाच्या यादीत नुसतं सिल्क थ्रेड आणि गोल्डन जरी एवढंच लिहिलं होतं, आणि खाली सगळ्याला मिळून एकच सल्ला, कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिली. मी नागपूरला महाल भागात राहते, घरीच भरतकामाच्या ऑर्डरी घेते, चार पोरी शिकायला येतात, पेपरमध्ये लिहायची सवय नाही, तर भाषा सांभाळून घ्याल.

माझं म्हणणं एकच आहे. रिळावर आतला धागा कशाचा आहे ते लिहिलेलं पाहिजे. कारण सुई कुठली, धागा किती लांब कापायचा, इस्त्री किती गरम, पाणी चालेल की नाही, हे सगळं त्या एका गोष्टीवरून ठरतं, आणि तीच गोष्ट आपल्या बाजारात कोणी सांगत नाही.

आमच्या इतवारीच्या बाजारात जा नाहीतर सीताबर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये जा, कुठल्याही लेसवाल्याला सिल्क थ्रेड म्हटलं की तो रंगीत रिळांचा डबाच समोर उपडा करतो. इतके रंग की हात थांबत नाही. पण ते रेशीम नसतं हो, त्या भावात खरं रेशीम येणारच नाही. बहुतेक ते रेयॉन असतं म्हणजे व्हिस्कोस, नाहीतर पॉलिस्टर, आणि दोन्ही एकाच डब्यात एकाच नावाने पडलेले असतात. दुकानदाराला विचारलं की हे रेयॉन आहे का पॉलिस्टर, तर तो म्हणतो भाभीजी, सब सिल्कही है, चमक देखो ना. चमक दोघांनाही असते, तिथेच तर सगळा घोळ आहे.

रेयॉन म्हणजे काही हलका माल नाही, हे आधी सांगते, नाहीतर लोकांना वाटेल मी त्याच्या विरोधात आहे. लाकडाच्या लगद्यापासून बनतं, १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी व्हिस्कोसची पद्धत काढली, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वर झाली. आपल्याच राज्यात कल्याणजवळ शहाडला व्हिस्कोसचा धागा बनतो. फुलांच्या पाकळ्या भरायच्या असतील तर मी स्वतः पॉलिस्टरपेक्षा रेयॉनच घेते. पॉलिस्टरची चमक जरा कडक, प्लास्टिककडे झुकणारी दिसते आणि रेयॉनची ओली, खोल दिसते, विशेषतः जांभळा, मोरपंखी आणि डाळिंबी या रंगांमध्ये. संध्याकाळी लग्नाच्या हॉलमधल्या लाईटखाली सॅटिन टाक्यात, म्हणजे लांब टाके एकमेकाला चिकटून घेऊन, भरलेलं रेयॉनचं कमळ बघा म्हणजे कळेल मी काय म्हणून राहिली ते.

पण ते सुतासारखं वागत नाही. सुताच्या धाग्याला बारीक लव असते, त्या लवेमुळे टाका कापडाला धरून बसतो. रेयॉनचे तंतू अखंड आणि गुळगुळीत, लव नाहीच, त्यामुळे पदर एकमेकांवरून घसरतात, नेढ्यातून धागा सुळकन निघून येतो, शेवटी मारलेली गाठ दोन दिवसांनी आपोआप उकलते. वर आणखी रिळावरून काढला की टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखा गोल गोल वळतो. ज्या पोरीने आयुष्यभर अँकर कंपनीच्या सुती लडीवर हात बसवला तिच्या हातात हे रीळ दिलं की ती पहिल्या अर्ध्या तासात रडकुंडीला येते आणि म्हणते ताई मला जमतच नाही. जमत नाही असं काही नसतं, तिला धागा बदलला आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं.

काय करायचं तर धागा छोटा कापायचा, एका वितीपेक्षा थोडा जास्त, फार तर दीड वीत. लोभ करायचा नाही. आपल्याकडे बायकांना हातभर धागा ओवायची सवय, परत परत ओवावं लागू नये म्हणून, तीच सवय इथे नडते. मग ओल्या स्पंजवरून नाहीतर ओल्या सुती फडक्यावरून धागा एकदा अंगठ्याखाली ओढून घ्यायचा, सगळे वळसे निघून जातात, सरळ दोरीसारखा लोंबतो, वाळला की ओवायचा. तीन-चार पदर लागत असतील तर एकेक पदर वेगळा काढून मग एकत्र करायचे, सरळ जोडून कापले तर टाका फुगतो आणि मधून कापड दिसतं. सुरुवात गाठीने करायचीच नाही, जिथे नंतर भरून झाकलं जाणार आहे तिथे दोन बारीक उलट्या टिपा घ्यायच्या आणि संपवतानाही तसंच. मेण लावू नका, कोणीतरी क्लासमध्ये सांगतं मेण लावा म्हणून, मेणाने धागा काबूत येतो खरा पण ज्या चमकीसाठी पैसे दिले ती चमकच मरते. आणि ओढताना मधे अंगठा ठेवून शेवटपर्यंत सैल पडू द्यायचा नाही, कारण सुताचा टाका थोडा सैल राहिला तर खपतो, रेयॉनचा सैल टाका लांबून दिसतो, उजेड तिथेच पडतो ना.

एक बारीक गोष्ट सांगते जी मला कुठल्या क्लासमध्ये कोणी सांगितली नव्हती. मशीन एम्ब्रॉयडरीच्या रेयॉनच्या रिळाचा पीळ आपल्या नेहमीच्या सुती लडीच्या उलट दिशेने असतो. त्यामुळे बुलियन टाका, म्हणजे सुईभोवती धाग्याचे वेढे घेऊन करतात तो, घेताना नेहमीसारखं गुंडाळलं की पीळ सुटत जातो आणि गुलाबाच्या जागी फणी न लागलेल्या केसांचा गुंता तयार होतो. अशा वेळी उलट्या बाजूने गुंडाळून बघायचं, तोच धागा एकदम शहाण्यासारखा बसतो. गाठीच्या टाक्यालाही तेच. आता हे त्या पोरीला कळणार कसं, रिळावर तर फक्त एक चमकदार स्टिकर आणि त्यावर मोराचं चित्र.

हात खरखरीत असले तर अजून त्रास. थंडीत भांडी घासून घासून बोटांना भेगा पडतात आणि रेयॉनचा एकेक तंतू त्या भेगेत अडकून निघतो. साखर आणि थोडं गोडंतेल तळहातावर चोळून धुवून टाकायचं आणि पूर्ण कोरडं करून मगच कापड ताणायच्या रिंगला हात लावायचा. क्रीम लावून लगेच बसू नका, मखमलीवर डाग पडतात.

आता धुण्याचं. सुती धागा ओला झाला की उलट मजबूत होतो, आणि रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, वाळलं की परत येते. म्हणजे भरलेलं फूल ओलं असताना चोळलं की तंतू तुटतात आणि वर केसाळ दिसायला लागतं. तुमच्या पानावरच्या कोमट पाणी आणि हलक्या हाताच्या सल्ल्यात हलका हात बरोबर आहे, पण हलका म्हणजे किती हलका हे बाई कशावरून ठरवणार, तिला वाटतं आपण रेशमावर काम केलंय. मी तर म्हणते भिजवून ठेवूच नका, पिळू तर मुळीच नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरा.

आणि रंग. रेयॉन सुतासारखंच रंग पितं, त्यामुळे चांगला पक्का रंग दिला तर टिकतो आणि स्वस्तातला दिला तर पहिल्याच पाण्यात उतरतो. मागच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे आमच्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून फिरवतात त्या सणाला, आमच्या गल्लीतल्या एका सुनेने आपल्या लेकाच्या लाकडी नंदीसाठी झूल केली होती. पांढऱ्या सॅटिनवर मधे मरून रंगाचं स्वस्तिक, चार कोपऱ्यात मरून कोयऱ्या, कडेला सोनेरी गोंडे, बिचारीने रात्री पोरगं झोपल्यावर बसून बसून केली होती. तान्हा पोळा म्हणजे पाऊस आलाच पाहिजे असा आमच्याकडे जणू नियमच आहे. पोरगं नंदी ओढत घरोघरी बोजारा म्हणजे खाऊचे पैसे मागत फिरलं, मधे एक भुरभुर सर आली, सर म्हणजे काय, छत्री उघडेपर्यंत थांबली. तेवढ्यात स्वस्तिकाच्या चारी बाजूंनी गुलाबी ओघळ. नंदीच्या पाठीवर लाकडालाही गुलाबी लागलं. पोराला काही वाटलं नाही, त्याचं लक्ष बोजाऱ्याच्या पैशांत, पण तिचा चेहरा बघवत नव्हता. दुकानात तिला सांगितलं होतं सिल्क आहे, पक्का रंग आहे. दुकानाचं नाव घेत नाही, कारण उद्या दुसऱ्या दुकानातूनही तेच होईल, त्या दुकानदाराला वरून माल येतो त्यावरही काही लिहिलेलं नसतं.

घरी तपासायची पद्धत आहे, सगळ्यांनी करावी. धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती चिंधीत दाबून रात्रभर ठेवा, सकाळी चिंधी बघा. लाल, मरून, काळा आणि गडद निळा या चौघांवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. आणि धागा कशाचा आहे ते बघायचं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटावर जाळून बघा, पोरांना दूर ठेवून आणि पंखा बंद करून. रेयॉन कागदासारखं भुरकन जळतं, कागद जळाल्याचाच वास, मागे मऊ राखाडी राख. खरं रेशीम हळू जळतं, ज्योत काढली की विझायला बघतं, केस जळाल्याचा वास येतो आणि काळा गोळा बोटाने चुरडला तर पूड होतो. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं, आणि मागे टणक मणी राहतो जो चुरडत नाही, गरम असताना हात लावला तर चटका बसून चिकटतो. एवढं करून मी माझ्या डब्यातल्या प्रत्येक रिळावर स्केच पेनने रे, पॉ असं लिहून ठेवते. म्हणजे कंपनीने जे छापायचं ते मी घरी बसून काडीपेटीने शोधून काढते, काय म्हणावं.

जरीचं तर विचारूच नका.

जरीचे बाजारात सरळ तीन प्रकार आहेत. एक खरी, म्हणजे चांदीची बारीक चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. दुसरी तांब्याच्या तारेवर चांदीचा हात दिलेली. तिसरी प्लास्टिकची, म्हणजे पॉलिस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर चढवतात, त्यावर पिवळा लाखेसारखा रंग देतात म्हणून ते सोनं दिसतं, मग ती फिल्म केसासारख्या पट्ट्यांत कापून दुसऱ्या धाग्यावर गुंडाळतात. तिन्ही सुरतेत बनतात, सुरतेच्या जरीला तर जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन पण आहे. आणि आपल्याकडे तिन्हींना जरीच म्हणतात. दहा-वीस रुपयांच्या रिळात चांदी शोधायला कोणी जात नाही, तेवढं सगळ्यांना कळतं, पण तांबं का प्लास्टिक हे पण कळलं पाहिजे ना, कारण दोघांचं दुखणं वेगवेगळं आहे. तांब्याची जरी काळी पडते, घाम, अत्तर, आपल्या जुलैची दमट हवा, काहीही पुरतं. प्लास्टिकची काळी पडत नाही पण गरम इस्त्रीखाली सुरकुतते आणि घासली की सोलली जाते.

हे सोलणं जरा जवळून बघा म्हणजे मेटॅलिक, म्हणजे अशा जरीच्या धाग्याचं सगळं वागणं कळेल. गुंडाळलेली पट्टी आतल्या धाग्याला फक्त चिकटून बसलेली असते. सुईने भरताना धागा प्रत्येक टाक्याला कापडाच्या भोकातून पूर्णच्या पूर्ण ओढला जातो. म्हणजे सुईजवळचा जो तुकडा आहे तो शेवटी कापडात बसायच्या आधी तीस-चाळीस वेळा त्या भोकांतून घासून आलेला असतो. पट्टी उलगडते, मागे सरकत जाते, एका जागी गोळा होते आणि पुढे आतला नुसता पांढरा धागा उघडा पडतो. नेढ्याच्या आत जिथे धागा दुमडतो तिथे तर सगळ्यात आधी. बाई म्हणते धागा खराब निघाला. धागा खराब नाही, त्याला खरं तर कापडातून इतक्या वेळा ओढायलाच नको.

आपले जुने कारागीर हे बरोबर ओळखून होते. जरदोजीच्या भरतकामात कलाबतू म्हणजे सोनेरी धागा कापडावर नुसता आडवा ठेवतात आणि वरून बारीक रेशमाच्या टाक्याने बांधतात, सोन्याचा धागा कापडाच्या वरच राहतो, फक्त टोकं मागे जातात. सलमा, दबका ही जरीची तार तर स्प्रिंगसारखी पोकळ असते, ती मण्यासारखी कापून सुईत ओवून टाकतात. कोणीच जरी ओढत बसत नाही. आणि आरीचं, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या सुईचं बघा, आरीच्या आकड्याने धागा खालून वर फक्त एक फास म्हणून येतो, रीळ खालीच असतं, प्रत्येक इंच धागा कापडातून जवळपास एकदाच जातो आणि तिथेच बसतो. म्हणून जी जरी आरीवर मस्त चालते तीच सुईवर दहा मिनिटांत पिंजते. आरीच्या क्लासमधली पोरगी घरी येऊन तेच रीळ सुईत ओवून सॅटिन टाका घ्यायला बसते आणि फसते, आणि ह्याच्यात तिची चूक काहीच नाही.

सुईनेच करायचं असेल तर धागा अजून छोटा, वीतभर पुरे. सुई मोठ्या लांब नेढ्याची, म्हणजे चिनील सुई, जी कापडात भोक जरा मोठं पाडते आणि धागा विनासायास निघतो. आपल्याकडे जितकी बारीक सुई तितकं नाजूक काम असा समज आहे, मेटॅलिकला तो लागू नाही. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक हे पण बऱ्याच जणींना माहिती नसतं, दुकानात नऊ नंबर द्या म्हणतात आणि मग धागा तुटला म्हणून परत येतात. सुई वर-खाली सरळ घालायची, शिवणासारखी एकदम दोन ठिकाणी टोचून काढायची नाही. मधे मधे सुई धाग्यावर थोडी सरकवायची म्हणजे एकाच जागी झीज होत नाही. कापड रिंगमध्ये ढोलासारखं ताणलेलं पाहिजे. आणि शक्य असेल तर जरदोजीसारखं धागा वर ठेवून बांधा, खरंच सांगते, बाहेरून तीच चमक दिसते आणि अर्ध्या धाग्यात काम होतं. नुसती झाक पाहिजे असेल तर मेटॅलिकचा एकच बारीक पदर सुती पदराबरोबर ओवून भरा, मोराच्या मानेला ते फार गोड दिसतं.

मे महिन्यात आणखी एक गंमत. आपल्या नागपूरची हवा इतकी कोरडी होते की पॉलिस्टरचा मेटॅलिक धागा हाताला, साडीला, एकमेकाला चिकटायला लागतो, रिळावरून सुटला की उडून गालाला येतो. कूलरसमोर बसलं की बरं पडतं, पण खसचं पाणी उडत असेल तर मखमल वाचवा. मी तर जरीचं काम सकाळी दहाच्या आत उरकते आणि दुपारी सुताचं घेते.

इस्त्रीचं तुमच्या पानावर एका ओळीत उरकलं, त्यावर थोडं. इस्त्रीवर जे टिंब असतात त्यात एक टिंब म्हणजे साधारण ११० डिग्रीपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. आपण ब्लाऊजचं कापड कॉटन आहे म्हणून तीन टिंबांवर ठेवतो, आणि त्यावरची प्लास्टिक जरी उलट्या बाजूनेसुद्धा आक्रसते, कापड मधे ओढलं जातं आणि गळ्याला चुण्या पडतात ज्या परत जात नाहीत. एक टिंब, वर सुती कापड, खाली जाड टॉवेल म्हणजे टाके दबणार नाहीत, आणि इस्त्री फिरवायची नाही, नुसती ठेवायची आणि उचलायची. खरी जरी असेल तर गोष्ट वेगळी. पण कुठली आहे तेच लिहिलेलं नसेल तर बाई काय डोक्याने ठरवणार?

आणि ज्यांच्याकडे आजीच्या काळातली खरी जरी आहे त्यांच्यासाठी एक, लच्छीला रबर लावून ठेवू नका. रबरात गंधक असतं आणि चांदी गंधकाने काळी पडते, रबराच्या जागी बरोबर काळा पट्टा उमटलेला मी बघितला आहे. मलमलच्या धुतलेल्या तुकड्यात गुंडाळा. डांबरगोळ्या तिला टेकवून ठेवू नका. जुनी जरीची साडी भांड्यावर देऊन टाकायच्या आधी पण एकदा दोनदा विचार करा, दारावर येणारी बाई तुमच्यापेक्षा चांगलं ओळखते त्यात चांदी किती आहे ते, ती उगाच स्टीलचा डबा देत नाही.

आता मूळ मुद्द्यावर. हे होऊ शकत नाही असं कोणी म्हणू नये. अँकरची साधी सुती लड घ्या, तिच्या कागदी पट्टीवर कॉटन लिहिलेलं असतं, लांबी असते, शेड नंबर असतो. डीएमसी कंपनीची चमकदार सॅटिन लड मिळते त्यावर पण रेयॉन असं स्वच्छ छापलेलं असतं. ती महाग पडते, रोजच्या ऑर्डरीला परवडत नाही, ते सोडा. मुद्दा असा की दीड इंचाच्या कागदावर हे सगळं मावतं. पॅकबंद मालाचे २०११ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात वस्तूचं नाव, वजन किंवा माप, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता हे पाकिटावर लागतंच. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर आपण ते बघतो. आणि आपल्या सुट्या रिळावर? नुसता मोर.

शेड नंबरचं तर मला सगळ्यात जास्त लागतं. एका बाहीचं काम झालं आणि रीळ संपलं की दुसऱ्या बाहीसाठी तोच रंग सापडत नाही. तुकडा घेऊन दुकानोदुकानी फिरा, दुकानातल्या ट्यूबलाईटखाली जुळतो आणि घरी अंगणात आणला की एक बाही तांबूस आणि एक जांभळट. नंबर असता तर फोनवर सांगून मागवता आला असता.

दुकानदारांची बाजू पण ऐकली आहे मी, ते म्हणतात गिऱ्हाईक विचारतच नाही, आम्ही कशाला सांगायचं, आणि रेयॉन म्हटलं की बायका तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जातात. यात थोडं तथ्य आहे. आपणच रेयॉन म्हणजे नकली असं धरून बसलो. पण ज्या दुकानात एक काका मला सरळ सांगतात की हे पॉलिस्टर आहे वहिनी, धुवायच्या कपड्याला न्या, आणि हे रेयॉन आहे, वॉल पीसला न्या, त्यांच्याकडेच मी वर्षानुवर्षं जाते, आणि माझ्या पोरींनाही तिथेच पाठवते. सांगितल्याने त्यांचा धंदा काही बुडाला नाही.

क्लासवाल्या तायांना पण विनंती आहे. पहिल्या दिवशी टाके शिकवायच्या आधी दहा मिनिटं तीन धागे जाळून दाखवा आणि तीन धागे ओले करून दाखवा. सर्टिफिकेटवर सोनेरी बॉर्डर छापता तर सोनेरी धागा कसा वापरायचा तेही सांगा. बऱ्याच पोरी ह्याच कामावर घरखर्चाला हातभार लावून राहिल्या आहेत, एका ब्लाऊजचा रंग उतरला तर मजुरी तर जातेच, वरून साडीचे पैसे भरून द्यायची वेळ येते.

तुमच्याकडून एवढंच पाहिजे की पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा प्रत्येक फोटोखाली धागा रेयॉन आहे की पॉलिस्टर की सुती, आणि जरी तांब्याची की प्लास्टिकची, तेवढं टाका, आणि धुण्या-इस्त्रीचा सल्ला प्रत्येकाचा वेगळा द्या. इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांशी बोलून एखादी बातमी केलीत तर अजून चांगलं, आम्ही सांगितलेलं ते ऐकत नाहीत, पेपरमध्ये आलं की ऐकतात. आणि छापायचंच असेल तर आषाढ लागायच्या आत छापा, कारण झुलींच्या ऑर्डरी तेव्हापासून सुरू होतात आणि बायका रिळं घ्यायला निघतात.

आपली एक वाचक,
महाल, नागपूर